सासूबाई आठव्या मजल्यावर, घोरणं पाचव्या

प्रश्न : मे महिन्यात आम्ही घरचे दहा जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर निघालोय. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली, त्याचा हा घाट. चार केबिन आहेत. आठव्या मजल्यावर गॅलरीची एक, ती सासू-सासऱ्यांना भेट. पाचव्यावर बिनखिडकीच्या तीन : एकीत हे आणि मुलगा (वय ६), दुसरीत मी, मुलगी (वय १३) आणि नणंद, तिसरीत दीर, जाऊ आणि पुतण्या (वय १०). आता सासूबाई हळूच म्हणतात, "यांच्या घोरण्यापासून चार रात्री तरी सुटका करा गं, मी लेकीजवळ झोपते." एजंट म्हणतो, जहाजावर गेल्यावर बघू. हे म्हणतात, त्यात काय, केबिनच्या किल्लीची कार्डं बदलून घ्यायची! चालेल का?
– एक सून, नाशिक

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार. ५० वर्षं ऐकून घेतलं, चार रात्रींची रजा मागितली, त्यात काय चुकलं?

जहाजाच्या स्वागतकक्षात मी अकरा वर्षं उभी होते आणि पहिल्या संध्याकाळी काउंटरसमोरच्या रांगेत निम्मी मंडळी तुमचाच प्रश्न घेऊन यायची. कोण कुठे झोपतं याच्याशी जहाजाला काही देणंघेणं नसतं. रात्री कुणी डोकी मोजायला येत नाही. पण कुणाचं नाव कुठल्या केबिनवर आहे, याच्याशी मात्र फार देणंघेणं असतं. आणीबाणीत तुम्ही कुठे जमायचं ती जागा केबिनवरून ठरते, तिचं अक्षर कार्डावर छापलेलं असतं आणि तिथे नाव पुकारून हजेरी होते. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज आडवं झालं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीत जमण्याची कवायत तोवर झालेलीच नव्हती. २०१५पासून नियमच झाला, की जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्यासुटल्या कवायत व्हायलाच हवी. तेव्हा त्या वेळी "आम्ही नंतर येतो" म्हणत सरबत पीत बसू नका.

म्हणून यजमानांना सांगा, कार्डं बदलायची नाहीत. ते कार्ड म्हणजे नुसती किल्ली नव्हे. बंदरावर उतरताना ते यंत्राला लावलं की पहारेकऱ्याच्या पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि जहाजाच्या हिशेबात एक माणूस बाहेर जातं. एकदा एक आजोबा नातीचं कार्ड घेऊन उतरायला लागले. पडद्यावर दोन वेण्या, समोर धोतर! सगळे हसले, आजोबाही हसले. पण गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर कागदोपत्री नात किनाऱ्यावर आणि आजोबा जहाजात, असा घोळ होऊन बसला असता. शिवाय सरबतापासून दुकानातल्या खरेदीपर्यंतचे पैसे ज्याच्या नावाचं कार्ड त्याच्याच खात्यावर चढतात.

तुमच्याकडे अजून वेळ आहे. 'गेल्यावर बघू' हे एजंटचं उत्तर आळसाचं आहे, ऐकू नका. त्याला सांगा, माणसांची संख्या तीच ठेवून कागदावरची नावंच बदल. गॅलरीच्या केबिनमध्ये सासूबाई आणि नणंद. पाचव्यावर तुमचे यजमान आणि सासरे (बाबांचं घोरणं मुलानं ऐकावं, इतकं तर व्हायलाच हवं). तुमच्याकडे दोन्ही मुलं. दीर-जाऊ आहेत तिथेच. दोन, दोन, तीन, तीन. कुठल्याच केबिनमध्ये माणूस वाढत नाही, हे महत्त्वाचं. पलंगाला जागा दिसली म्हणून जास्तीचं माणूस घेता येत नाही. त्या भागातल्या जीवनौकांचा हिशेब आड येतो. प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस हवं, तीही अट यात बसते. बदल लवकर करा. सामानाच्या चिठ्ठ्यांवर केबिनचा क्रमांक छापला जातो. नंतर अदलाबदल केलीत तर सासऱ्यांचं धोतर आठव्यावर आणि ते पाचव्यावर.

तुमच्या केबिनमधला तिसरा पलंग एक तर सोफ्याचा असेल, नाहीतर छतातून खाली येणारा, शिडीचा. छतातला निघाला तर त्यावर मुलीला चढवा, सहा वर्षांच्या पोराला नको. उरलेल्या केबिनमध्ये दोन पलंग जोडून एक केलेला असतो. ते वेगळे करून हवेत, हे एजंटला आत्ता सांगा आणि केबिन सांभाळणाऱ्या मुलाला गेल्यागेल्या परत सांगा. बाप-लेक एका चादरीत नकोत.

कंपनीनं नावं बदलायला नकार दिला तर? मग कागद आहे तसा राहू दे, झोपा हवं तिथे. सासू-सासऱ्यांना सोबत घेऊन काउंटरवर जा आणि 'या केबिनची एक जादा किल्ली द्या' म्हणा. ज्यांच्या नावावर केबिन आहे ते समोर असले की सहसा कुणी अडवत नाही. जादा किल्ली दाराला, स्वतःचं कार्ड बाकी सगळ्याला. नावं बदलून मिळाली तरी सासऱ्यांसाठी गॅलरीच्या केबिनची एक किल्ली मागाच. लग्नाला ५० वर्षं झालीत, सकाळचा चहा तरी दोघांनी समुद्र बघत घ्यावा.

आठव्या मजल्याची काळजी वाटते का? जहाजाच्या मधोमध आणि खाली हेलकावे कमी, टोकांना आणि वर जास्त. क्रमांकाचा पहिला आकडा बहुधा मजल्याचा असतो (दहाव्या मजल्यापासून वर पहिले दोन), आणि सम-विषमवरून डावी बाजू की उजवी ते कळतं. कुठली बाजू सम, ते त्या जहाजाच्या नकाशात बघा. गॅलरीच्या केबिनच्या थेट वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा हॉल नाही ना, तेही तिथेच दिसेल. पहाटे डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज घोरण्यापेक्षा वाईट.

केबिनचा क्रमांक कार्डावर सहसा छापत नाहीत. हरवलेलं कार्ड कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आणि सगळे बोळ एकसारखे. सासूबाई हमखास चुकणार. घरच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट न्या आणि दाराला बाहेरून लावा. दारं बहुधा लोखंडी असतात, बाप्पा घट्ट बसतात. फक्त तो मॅग्नेट आणि कार्ड एका पर्समध्ये ठेवू नका.

जाता जाता पैशांचं. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या. पुतण्या दहा वर्षांचा आहे म्हणालात ना? व्हिडिओ गेमच्या यंत्राला कार्ड लावलं की खेळ सुरू, बिल शेवटच्या सकाळी. चारही केबिनचा खर्च एकानेच भरायचा की प्रत्येकाचा वेगळा, हेही तेव्हाच ठरवा. दीर-भावजयीत बिलावरून झालेली कुजबुज मी काउंटरपलीकडून पुष्कळ ऐकली आहे.

प्रश्न : गेल्या क्रूझवर माझं कार्ड रोज बंद पडायचं. रोज तीन मजले उतरून रांगेत उभं राहावं लागलं. माझ्यात काही दोष आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : सर, दोष तुमच्या खिशात आहे. काळी पट्टी असलेलं कार्ड मोबाइलला, त्यातही चुंबकाच्या झडपेच्या कव्हरला, चिकटून राहिलं की त्यावरची नोंद पुसली जाते. कार्ड गळ्यात घाला, मोबाइल खिशात ठेवा. नवीन कार्ड फुकट मिळतं. पण रांग टाळायची तर सगळे जेवायला गेले की जा. हरवलं तर मात्र रांगेची वाट बघू नका, केबिनमधल्या फोनवरून लगेच कळवा, म्हणजे जुनं तिथल्या तिथे बंद करतात.

प्रश्न : एजंटने 'गॅरंटी केबिन' स्वस्तात दिली आहे. घ्यावी का? आम्ही दोन कुटुंबं आहोत, शेजारीशेजारी हवं आहे.
– डोंबिवली

उत्तर : मग नको. त्यात कंपनी फक्त केबिनच्या प्रकाराची हमी देते, जागा ती ठरवते, तीही कधीकधी निघायच्या तोंडावर. एक कुटुंब पुढच्या टोकाला, दुसरं मागच्या, असं होऊ शकतं. चार पैसे जास्त मोजा आणि क्रमांक आत्ता घ्या. मधून दार असलेल्या दोन केबिन हव्या असतील तर तसं स्पष्ट सांगा. 'शेजारच्या' म्हटलं की मधे दार असेलच असं नाही.