आजींचं पोषण तपासायला मापं घेताना: नवीन आलेल्या ताईसाठी
ताई, घाबरू नको, टेप हातात बसायला आठवडा लागतोच. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वाकलेल्या आजीची उभी उंची घेऊन बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढणं, पाठीला बाक असला की उंची कमी भरते न मग बीएमआय फुगतो, वाळलेली आजी कागदावर ठणठणीत! तिथे गुडघ्याची उंची घेऊन त्यावरून पूर्ण उंची काढतात, सूत्र नंतर सांगतो.

आधी एवढंच:
- पोटरीचा घेर, सगळ्यात जाड जागी, टेप आवळायचा नाही. 31 सेंमीच्या खाली आला तर सावध. पाय सुजले असतील तर हे माप सोड.
- 3 महिन्यांत 3 किलोच्या वर वजन उतरलं का? थेट सांगत नाहीत, बांगड्या ढिल्या झाल्या का विचार, लगेच बोलतात.

नागपूरच्या महाल भागात मी एकदा लुगड्यावरूनच टेप लावला होता, सगळं परत करावं लागलं बापा.