नाणी जमवतो हे लोकांना सांगावं का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कॉलेजपासून जुनी नाणी जमवतोय. आजवर घरच्यांना आणि दोन-चार मित्रांनाच माहीत होतं. पण मध्ये एका घरगुती कार्यक्रमात माझ्या मेहुण्याने सगळ्यांसमोर "आमच्या दाजींकडे तर खजिनाच आहे" असं जाहीर केलं आणि तेव्हापासून लांबलांबचे लोक विचारतात, एकूण किती किमतीचं असेल हो, घरीच ठेवता का? बायको म्हणते आता कोणाकडे विषयच काढू नका. पण कोणाशी बोलायचंच नाही तर मग या छंदात मजा काय राहिली? – एक संग्राहक

उत्तर: दादा, मेहुण्यांवर रागावू नका, कौतुकाच्या भरात बोलून गेले असतील, पण तो "खजिना" शब्द मात्र वाईट, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर झिजलेली तांब्याची नाणी येतच नाहीत, थेट सोनंच येतं. तुमच्या मिसेसची काळजी खोटी नाहीये. १९६७ साली फ्लोरिडात विलिस ड्युपाँट या बड्या संग्राहकाच्या घरात बंदूकधारी घुसले आणि हजारो नाणी घेऊन गेले. त्यातला १८६६ चा एक चांदीचा डॉलर थेट २००४ मध्ये परत मिळाला. आपलं कलेक्शन काही त्या तोडीचं नसतं हे मान्य, पण चोराला ते आधी कुठे कळतं, तो घर फोडून झाल्यावरच बघणार ना.

आता दुसरी बाजू. बाल्टिमोरचे बँकर लुई एलियासबर्ग यांनी १९५० पर्यंत अमेरिकेच्या नाण्यांचा तेव्हा माहीत असलेला अख्खा संच जमवला आणि तो लपवून नाही ठेवला, प्रदर्शनांतून लोकांना दाखवला. आजही लिलावात एखाद्या नाण्यापुढे त्यांचं नाव लागलं की त्याचा मान वाढतो. म्हणजे उघडपणाचाही फायदा असतो, आणि आपल्यासारख्यांना तर जास्तच. नकली नाणं ओळखायला आपण शिकतो ते चार जाणत्या लोकांना दाखवूनच, वजन जुळतंय का, कडेवर जोड दिसतोय का, अक्षरं फुगीर वाटतायत का, हे एकट्याने पुस्तक वाचून नाही येत.

त्यामुळे माझं मत विचाराल तर छंद आहे हे बिनधास्त सांगा, एखाद्या नाण्याचा इतिहास तर तासभर सांगा, पण किंमत किती आणि ठेवलंय कुठे या दोन प्रश्नांना उत्तर द्यायचंच नाही, जवळच्या पाहुण्यालाही नाही. "घरी मोलाचं काही ठेवत नाही, बरीचशी साधीच आहेत" एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा. पण मग खरंच चांगली नाणी बँकेच्या लॉकरमध्ये टाका म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही! मेहुण्यांना बाजूला घेऊन हेच वाक्य शिकवून ठेवा, पुढच्या कार्यक्रमात उपयोगी पडेल. नवीन कलेक्टरशी अदलाबदल करायची असेल तर पहिली भेट घरी नको, क्लबच्या मीटिंगमध्ये किंवा प्रदर्शनात करा. आणि प्रदर्शनातून निघताना खरेदीची पिशवी मिरवत सरळ घरी जाऊ नका, मागे कोणी येत नाहीये ना बघा. हे जरा फिल्मी वाटेल पण जुने कलेक्टर हा नियम पाळतात. पार्सल मागवत असाल तर विकणाऱ्याला सांगा की पाकिटावर नाण्यांचा उल्लेख नको.

प्रश्न: ताई, माझं नेमकं उलटं आहे. आमचे हे नाण्यांबद्दल घरात अक्षरही काढत नाहीत. कपाटाला कुलूप, विचारलं तर "तुला काय कळतंय त्यातलं". पैसे किती जातात तेही माहीत नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर मी त्या डब्यांचं करू काय? – एक गृहिणी

उत्तर: वहिनी, तुमचं पत्र वाचून मला खरं सांगू का, राग आला. बाहेरच्यांपासून लपवणं ही सावधगिरी झाली, बायकोपासून लपवणं ही सावधगिरी नाही. आणि यात तोटा त्यांच्या लाडक्या नाण्यांचाच आहे हे त्यांना सांगा.

जॉर्ज वॉल्टन नावाचा एक अमेरिकन कलेक्टर होता. त्याच्याकडे १९१३ चं लिबर्टी निकेल, म्हणजे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं होतं, जगात अशी फक्त पाच. १९६२ मध्ये तो कार अपघातात गेला. घरच्यांनी नाणं तपासायला दिलं तर खोटं आहे असं सांगून परत आलं, आणि ते बहिणीच्या घरी कपाटात तसंच पडून राहिलं. २००३ मध्ये बाकीच्या चारांच्या शेजारी ठेवून तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं की अस्सल आहे, आणि २०१३ च्या लिलावात ते तीस लाख डॉलरच्या वर गेलं. चाळीस वर्षं! त्या बहिणीचं नशीब म्हणा की तिने ते टाकून दिलं नाही, नाहीतर घरोघरी काय होतं, कोणीतरी हौसेने जुनी नाणी चिंच-मीठ लावून घासतं, लखलखीत करतं आणि त्यांची किंमत तिथेच संपते. घासलेलं नाणं कलेक्टर लांबूनच ओळखतो.

तर यजमानांकडून तुम्हाला एक यादी हवी. सगळा हिशोब नाही मागायचा, नाहीतर भांडण होईल. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, साल, टांकसाळीची खूण, वजन, कधी घेतलं, बिल असेल तर तेही, आणि खाली विश्वासातल्या दोन माणसांची नावं ज्यांना विचारून विकायचं, दारात येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाईकाला नाही. ही यादी नाण्यांच्या कपाटात ठेवू नका, चोरी झाली तर दोन्ही एकदमच जायची. विमा काढताना पण हीच यादी लागते, कारण घराच्या साध्या पॉलिसीत नाण्यांना बऱ्याचदा फार कमी रकमेची मर्यादा असते, तेव्हा एजंटला स्पष्ट विचारून घ्या.

पैशांचं मात्र वेगळं बोला. घरखर्चातून जात असतील तर दोघांनी बसून महिन्याची एक रक्कम ठरवा, त्यात त्यांनी हवं ते घ्यावं, तुम्ही विचारायचं नाही. एक गंमत सुचवू? एखाद्या रविवारी त्यांना म्हणा मला फक्त पाच नाणी दाखवा, तुमच्या आवडीची. ज्या माणसाला वाटतं कोणाला काही कळत नाही ना, तो खरं तर कोणी विचारायची वाट बघत असतो, बहुतेक वेळा तरी.

प्रश्न: मी अकरावीत आहे, नाणी जमवतो तर मित्र "म्हातारा" म्हणून चिडवतात. इन्स्टावर फोटो टाकू का? – एक विद्यार्थी

उत्तर: टाक की, चिडवणाऱ्यांतलाच एखादा उद्या आजोबांच्या डब्यातलं नाणं घेऊन विचारायला येईल बघ. फक्त आईबाबांना सांगून टाक, अकाउंटवर पत्ता, शाळेचं नाव नको, आणि फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद कर कारण मूळ फोटो कोणाला पाठवलास तर जागेची माहिती त्याच्यासोबत जाऊ शकते. मागे साधा कागद ठेव म्हणजे खिडकी, कपाट काही दिसणार नाही. गावाला गेलेला असताना "आम्ही ट्रिपवर" टाकू नकोस, परत आल्यावर टाक. "भाई विकतोस का" असे मेसेज येतील, त्यांना रिप्लाय द्यायचा नाही, घरी दाखवायचे. आणि नाणी त्या मऊ चिकट प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवली असशील तर आधी बाहेर काढ, त्या प्लास्टिकमधल्या पीव्हीसीने नाण्यावर हिरवट थर चढतो आणि मग फोटोत तेच दिसतं.