हेडफोन कपाटात, मुलगा खोलीत

नमस्कार,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा बारावी सायन्सला, प्रिलिमला फिजिक्स ७० पैकी ५१, केमिस्ट्री ७० पैकी २९, मॅथ्स ८० पैकी ४४. अभ्यास सोडून जुने इंग्रजी रॉक अल्बम स्टुडिओत कसे रेकॉर्ड झाले याच्या डॉक्युमेंटऱ्या बघत बसतो, साउंड इंजिनिअर व्हायचं म्हणतो. पत्र लिहिणाऱ्या वडिलांना कॉम्प्युटर इंजिनिअर हवाय. त्यांनी वायफायचा पासवर्ड बदललाय, हेडफोन कपाटात कुलूप लावून ठेवलेत, आणि दिवाळीपासून ते मुलाशी बोलत नाहीत, काय सांगायचं ते आईमार्फत. मुलगा जेवणाचं ताट खोलीत नेतो. आणि मला विनंती अशी की, "तुम्ही त्याला जरा समजवा."

समजवते की, पण आधी तुम्हाला.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेल्या पोराशी बाप घरात बोलत नाही, हे मला त्या २९ मार्कांपेक्षा जास्त घाबरवतं. तुम्ही त्याला शिस्त म्हणता. मला ती शिस्त वाटत नाही, कारण शिस्तीत समोरच्याला काय केलं की सुटका होईल ते माहीत असतं, इथे त्या पोराला काहीच माहीत नाही, तुमचा अबोला नक्की कशाने संपणार हे तुम्ही पत्रातसुद्धा लिहिलेलं नाही. आणि हेडफोन काढून घेतल्यापासून अभ्यास वाढला का? तेही लिहिलेलं नाही, म्हणजे वाढला नसणार. आजच बोला त्याच्याशी. करिअरवर नको, काहीही बोला. रात्री झोपत नसेल, ताट तसंच परत येत असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, ते काम माझं नाही.

आता गंमत बघा, कटऑफ, पॅकेज, शेजारच्या मुलाचं ॲडमिशन, हे सगळं तुम्ही दोन पानं भरून लिहिलंय. पण मला कामाचं वाक्य सापडलं ते तुम्ही वैतागून लिहिलेलं, "एकच गाणं तुकडे तुकडे करून दाखवतात आणि हा तेच परत परत बघतो." अहो, हेच तर त्या कामाचं मर्म आहे! या फिल्म्समध्ये बहुतेक वेळा एक वयस्क इंजिनिअर मिक्सिंगच्या टेबलाशी बसतो, मूळ टेप लावतो, बाकी सगळं बंद करून फक्त ड्रम ऐकवतो, मग नुसता आवाज, मग मागे कुठेतरी दडलेली गिटार. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' घ्या. त्यातल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा, गल्ल्याचा जो खणखणाट आहे तो कुठल्या कॉम्प्युटरने केलेला नाही, एकेक आवाज टेपवर घेऊन ते तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि चिकटवून त्यांचा गोल फिरणारा पट्टा केला, मात्रा सात, आपल्या रूपक तालाइतक्याच. असलं काही जो पोरगा परत परत बघतो तो टाइमपास करतोय असं मला तरी छातीठोकपणे म्हणवणार नाही.

तुमचा एक गैरसमज मात्र मला नीट खोडायचाय. तुम्ही म्हणता, "आमच्या घरात कुणी गाणारं नाही, याला साधी पेटी येत नाही, हा संगीतात काय दिवे लावणार." संगीताचा कान हवाच, त्यात वाद नाही, आणि एखादं वाद्य येत असेल तर फायदाच. पण स्टुडिओ नुसत्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर चालत नाही. टॉम डाऊड म्हणून अमेरिकेतला मोठा रेकॉर्डिंग इंजिनिअर होऊन गेला, त्याच्यावर २००३ ची एक सुंदर डॉक्युमेंटरी आहे, तुमच्या मुलाने बघितली असेलच. हा माणूस फिजिक्सवाला, दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठात अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रोजेक्टवर काम केलेला. त्याच्या घरात संगीत होतं हे खरं, पण मिक्सिंगच्या टेबलावर गोल बटणांच्या जागी बोटाने सरकवायचे फेडर त्याने आणले ते डोक्यात इंजिनिअर होता म्हणून. दुसरा केन टाउनसेंड, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मशिनं सांभाळणारा टेक्निकल माणूस. बीटल्सच्या जॉन लेननला आवाज भरदार करायला तीच ओळ दुसऱ्यांदा गायचा कंटाळा यायचा, तर १९६६ मध्ये या गृहस्थाने दुसरं टेप मशीन जोडून एकदाच गायलेल्या आवाजाची किंचित मागेपुढे होणारी जोडप्रत काढून दाखवली, आणि बीटल्सनी ती युक्ती पुढे भरपूर वापरली. तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त मार्क फिजिक्सला आहेत, तुम्ही ती ओळ लिहून पुढे गेलात. मी नाही गेले.

आता मुलासाठी, हा भाग त्याला वाचायला द्या.

बाळा, बघणं आणि करणं यात फरक आहे. या फिल्म्स तासाभरात संपतात कारण कंटाळा कापून टाकलेला असतो. ज्याने टेबलाशी बसून हसत फेडर वर केला त्याने त्या खोलीत किती रात्री एकच ड्रम ऐकत काढल्यात ते दाखवत नाहीत. आणि तू बघतोयस ती शिडीसुद्धा आता फारशी उरलेली नाही. जेफ एमेरिक १९६२ मध्ये शाळा सोडून, सोळाव्या वर्षी ॲबी रोडला असिस्टंट म्हणून लागला आणि विसाव्या वर्षी बीटल्सचा इंजिनिअर झाला, असं दार आज कुणी उघडं ठेवत नाही. निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम जिथे झाला तो लॉस एंजेलिसचा साउंड सिटी स्टुडिओसुद्धा २०११ पासून काही वर्षं बाहेरच्यांसाठी बंद होता. आज काम आहे ते सिनेमा, वेब सिरीज, डबिंग, पॉडकास्ट, लाइव्ह शो यांत, आणि बरंचसं फ्रीलान्स. त्याच पिंक फ्लॉइडच्या अल्बमवर क्लेअर टॉरीने शब्दांशिवाय जे अफाट गायलं त्याचे तिला ३० पौंड मिळाले होते, सहगीतकार म्हणून नाव लागायला २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं. कराराचे कागद वाचायला शीक.

परीक्षा झाली की एक काम कर. गल्लीतलं भजनी मंडळ गाठ, पेटी, ढोलकी, टाळ, आवाज सगळं वेगवेगळं रेकॉर्ड कर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर जुळव. मिरज शेजारी आहे, तिथे तंबोरे बनवणाऱ्यांकडे जा, विचारून एकच तंबोरा फोनवर तीन ठिकाणांहून रेकॉर्ड कर आणि तीन आवाज वेगळे का आले ते फिजिक्सच्या भाषेत लिहून काढ. जमलं नाही तरी चालेल, पण यात तुला कंटाळा आला तर ते स्वतःपासून लपवू नकोस. आणि एक विचार कर, फिल्म बघताना तुझी नजर कुणावर असते? गाणाऱ्यावर, टेबलाशी बसलेल्यावर, की ज्याने ही सगळी माणसं शोधून, जुन्या टेप मिळवून गोष्ट रचली त्याच्यावर? तिसरा असेल तर तुला साउंड नाही, डॉक्युमेंटरी करायचीय, रस्ता पूर्ण वेगळा, एडिटिंग, रिसर्च, मास मीडिया.

परीक्षांचं म्हणाल तर सीईटी द्यावीच, कॉम्प्युटरऐवजी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम किंवा बीएस्सी फिजिक्स बघा, पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा साउंडचा कोर्स आहे, त्याला पदवी कुठलीही चालते पण बारावीला फिजिक्स लागतं, नियम त्या वर्षीचे बघून घ्या. बारावीनंतर लगेच काही लाख मागणारे चकचकीत डिप्लोमावाले फोन करतील, त्यांना आत्ता नाही म्हणा. हे दोघांनाही सांगतेय, कारण आज भांडणारा बाप उद्या अपराधी वाटून तिथेच फी भरतो, असं होतं.

आणि दादा, रविवारी त्याच्याजवळ बसून त्यातली एक फिल्म पूर्ण बघा. मध्ये बोलायचं नाही, पॅकेज विचारायचं नाही. हेडफोन आजच परत द्या, अभ्यासाचे तास दोघं मिळून ठरवा. केमिस्ट्रीला एखादा चांगला शिक्षक लावा, तिथे खरंच गडबड आहे. पुढचं पत्र मुलाने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं.