वर्गातली रहस्यकथा प्रथमच घेताना

पाचवीच्या वर्गात रहस्यकथा प्रथमच घेणार असाल, तर चोरी गुळाची ठेवा. बोटांना गूळ कसा चिकटतो हे कोल्हापूरच्या मुलांना सांगावे लागत नाही. कथेतील विधाने आणि पुरावा म्हणून टेबलावर मांडलेल्या वस्तू यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करून घ्या, कारण ‘शिपाईमामा घाबरलेले दिसले’ हा सांगणाऱ्याचा ग्रह असतो, तर स्टीलच्या डब्यावरचा ठसा कोणालाही तपासता येतो. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड मऊ ब्रशने त्यावर हलकेच फिरवून, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलून पांढऱ्या कागदावर लावा (हात काळे होतील, होऊ द्यात). दिशाभूल करणारा धागा एकच पुरे. संशयितांना वर्गातल्या मुलांची नावे मात्र देऊ नका, आणि ‘कशावरून?’ याचे उत्तर मिळाल्याखेरीज कोणाचेही नाव फळ्यावर लिहू नका.