वडिलांचा फिस्टुला आत्ताच करावा का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे, मधुमेह जुना, क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते दाखवणारी रक्ततपासणी) ५.८, नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर डाव्या हाताला फिस्टुला करून ठेवा म्हणतात आणि काका म्हणतात, ‘डायलिसिस लागेल तेव्हा बघू, चांगल्या हाताला आत्तापासून चाकू कशाला?’ मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बसतो. माझे दोन फिस्टुला झाले, पहिला फसला, दुसरा चालू आहे.

काकांसारखं बोलणारे आमच्याकडेही होते. त्यात सासूबाईंना फिस्टुला म्हणजे भगंदर एवढंच ठाऊक, त्यामुळे किडनी बिघडली तर तिथलं ऑपरेशन कशाला, हा प्रश्न घरात दोन दिवस गाजला. तर हा फिस्टुला म्हणजे मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देणं. मशीनला मिनिटाला २५०-३०० मिली रक्त लागतं. साध्या शिरेतून ते मिळत नाही आणि खोल असलेल्या धमनीत आठवड्याला तीनदा जाड सुया घालता येत नाहीत. जोडल्यावर धमनीचा जोर शिरेत येतो, ती फुगते, जाड होते. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या ब्रेशिया, सिमिनो वगैरे डॉक्टर मंडळींनी १९६६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी हातातून बाहेर काढलेली टेफ्लॉनची नळी सांभाळत बसावं लागायचं.

ऑपरेशन म्हणाल तर हात बधिर करून तास-दोन तासांचं काम. बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. रक्तस्राव, जखमेत पू, हे होऊ शकतं, पण मला विचाराल तर खरी धास्ती त्याची नाही. खरी भीती फिस्टुला तयारच न होण्याची. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण २० ते ६० टक्के आलंय, आणि मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असल्या तर शक्यता वाढते. शीर फुगायला दीड-दोन महिने सहज जातात. डॉक्टर लोक सहाचा हिशोब सांगतात: सहा आठवड्यांनी शीर ६ मिमी रुंद, कातडीखाली ६ मिमीच्या आत, आणि मिनिटाला ६०० मिली प्रवाह. नाही जमलं तर फुगा घालून अरुंद जागा मोकळी करतात, नाहीतर वर नवीन जोडणी. म्हणजे आज केला तरी वापरायला चार-सहा महिने लागू शकतात. काकांना हे गणित सांगा.

माझा पहिला का फसला ते ऐका. आधी न्यूमोनियाने अ‍ॅडमिट होतो, तेव्हा डाव्या मनगटाला सलाईन, सूज आली की थोडं वर दुसरं, मग तिसरं. कुणी म्हटलं नाही की याची किडनी जातेय, ही शीर राखा. मीही गप्प. नंतर सर्जनने डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली तर ती शीर दोरीसारखी आखडलेली. तरी तिथेच करून पाहिला, तीन आठवड्यांत बंद पडला. तोवर डायलिसिस लागलंच होतं, मग मानेत लाइन, म्हणजे मानेच्या मोठ्या शिरेत घातलेली डायलिसिसची नळी. पाच महिन्यांत दोनदा थंडी वाजून ताप, दोन्ही वेळा रक्तात जंतू. ‘लागेल तेव्हा बघू’चा अर्थ बहुधा ही लाइन असतो. तिने छातीतली मोठी शीर अरुंद झाली, तर पुढे त्या बाजूचा फिस्टुला केल्यावर हात सुजून भोपळा होतो. तेव्हा आजपासूनच डाव्या हाताला सलाईन नको, रक्त काढणं नको, ऑपरेशननंतर बीपीचा पट्टाही नको. तपासणीला रक्त द्यायचंच तर उजव्या पंजाच्या मागून.

कोपरापाशी करणार असतील तर आणखी एक गोष्ट विचारा. रक्त शिरेकडे वळतं म्हणून बोटं उपाशी राहतात, याला स्टील (इंग्रजी steal, म्हणजे रक्ताची चोरी) म्हणतात. मनगटापेक्षा कोपराच्या फिस्टुलात आणि मधुमेह्यांत हे जास्त दिसतं. थोडा गारठा चालतो, पण बोटं पांढरी पडली, टोकाला जखम झाली, किंवा ऑपरेशननंतर लगेच हात दुखून पंजा हलेना, तर सकाळची वाट बघू नका. हृदय आधीच कमजोर असेल तर जास्तीच्या प्रवाहाचा भार त्यावर येतो, म्हणून आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला बरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पुढे रोजचं काम एकच: सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघणं. हात कानाशी नेला तर पिठाची गिरणी चालू असल्यासारखं ऐकू येतं. थरथर थांबली की त्याच दिवशी फोन, कारण गुठळी ताजी असेपर्यंतच ती काढून फिस्टुला वाचण्याची आशा असते. डायलिसिसमध्ये बीपी पार खाली गेलं की असं घडतं. माझा एकदा तसाच वाचलाय. हातावर झोपणं, घट्ट घड्याळ, पिशवीचे बंद कोपरात अडकवणं, सगळं बंद.

आणि फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली भरेना, तर टेक्निशियनला नाही, सर्जनला दाखवा. तिथून रक्त उडालं तर टॉवेल गुंडाळत बसू नका, खाली वाहतच राहतं. नेमक्या भोकावर बोट दाबून धरा, हात वर, आणि १०८ला फोन दुसऱ्याने करायचा.

डॉपलर झाली की शिरेची आणि धमनीची मापं विचारून घ्या. शीर दोन मिमीपेक्षा बारीक असेल तर मनगटाचा हट्ट धरू नका, मी धरला होता.