द्राक्षबागेतले सेन्सर आणि हरवणारे रीडिंग

प्रश्न: दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. भावाने ईएसपी३२ (वायरलेस असलेली छोटी चिप) वापरून जमिनीतल्या ओलाव्याचे सेन्सर लावलेत, एका नोडकडून (सेन्सरच्या डबीकडून) दुसऱ्याकडे असं करत डेटा घरच्या गेटवेपर्यंत, म्हणजे सगळा डेटा गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर मस्त चालू होतं, आता डिसेंबरात निम्मे रीडिंग गायब. कमीत कमी हॉपचा (एका नोडवरून दुसऱ्यावर जाणारी एक उडी म्हणजे हॉप) रस्ता निवडायचा असंच प्रोग्रॅममध्ये ठेवलंय. अजून नोड घेऊ का?

उत्तर: थांबा, खर्च नंतर. छाटणीनंतर मांडव मोकळा होता, आता कॅनॉपी भरलीये, पानात पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ते पाणी खातं. त्यात तुमचा कमी हॉपचा हट्ट, म्हणजे नोड मुद्दाम लांबचा, जेमतेम ऐकू येणारा शेजारी पकडणार.

हिशोब करून बघा. लांबच्या एका हॉपवर दहातली पाचच पॅकेट पोचतात आणि पोचपावतीपण निम्म्याच वेळा परत येते असं धरा, तर एक पॅकेट नीट जायला सरासरी चारदा पाठवावं लागतं. मधल्या नोडवरून दोन हॉप, दोन्हीकडे जाता-येता दहातली नऊ पोचतात, तर दोन्ही मिळून साधारण अडीचदा. हॉप जास्त, तरी काम स्वस्त! अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी २००३ मध्ये हेच माप मांडलं, ईटीएक्स म्हणतात त्याला, केंब्रिज गावातल्या घरांच्या छपरांवर अँटेना लावून रूफनेट नावाचं नेटवर्क चालवायचे तेच हे लोक.

भावाला सांगा, प्रत्येक नोडने अधूनमधून छोटं हॅलो पॅकेट टाकायचं, शेजाऱ्याने किती आली ते मोजून कळवायचं, आणि रस्ता त्या आकड्यावर ठरवायचा. नुसती सिग्नलची ताकद बघून ठरवू नका, ती फसवते. अँटेना मांडवाच्या वर काढा, हे तर आजच करा, पाइपचा एक तुकडा पुरतो.

आणि गेटवेजवळच्या नोडची बॅटरी सगळ्यात आधी बसत असेल ना? सगळ्यांचा माल तोच वाहतो बिचारा. ओलावा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही, तेव्हा चार-पाच रीडिंग साठवून एकाच पॅकेटमध्ये पाठवा. सगळे नोड एकाच ठोक्याला पाठवत असतील तर प्रत्येकाची वेळ थोडी पुढेमागे करा, नाहीतर सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच धड पोचत नाही.