वानिकीची इंटर्नशिप : वनविभागात की ग्रामसभेकडे?

बी.एस्सी. वानिकीच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप वनविभागाच्या कार्यालयात करावी की सामूहिक वनहक्क (जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या एखाद्या गावात, असं तुम्ही विचारलंय. माझं मत गावाला. आणि जमल्यास ऑक्टोबरनंतर जा. पावसाळ्यात बांबू वाढत असतो, तेव्हा तोड बंद असते. जंगल राखून वापरणं म्हणजे काय, हे तोडीच्या दिवसांतच दिसतं.

मी गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या एका गावात अडीच महिने होतो. एका भागातल्या बांबूच्या रांझ्या, म्हणजे बेटं, मोजायचं काम मिळालं. दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखायचे, उभे बांबू मोजायचे, फोनवर जागा टिपायची. आठवड्यानं ग्रामसभेत मी सांगितलं, बांबू भरपूर आहे, तोडायला हरकत नाही. एका आजोबांनी विचारलं, "यंदा कोंब किती आले?"

माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. किती तोडायचं हे नव्या कोंबांवरून ठरतं, वर्षाच्या आतला बांबू तोडायचा नसतो, जुने बांबू कोवळ्यांना आधार देतात, हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आजोबा सोबत आले. पेरांवरची वेष्टणं अजून चिकटलेली असली की तो यंदाचा, हे त्यांनी दाखवलं. सगळे चौकोन पुन्हा मोजले. दोन ठिकाणी गुरांनी कोंब खाल्लेले निघाले, तो भाग सभेनं त्या वर्षी सोडून दिला. तोडताना कोयता पेराच्या अगदी लगत वर का मारायचा, तेही तिथेच समजलं : वर पोकळ नळी राहिली तर पाणी साचून बुडखा कुजतो.

वनविभागाच्या कार्यालयात कार्य आयोजना, म्हणजे जंगलात कुठे काय करायचं याचा अनेक वर्षांचा आराखडा, कशी बनते ते कळेल, तेही शिकण्यासारखं आहे. पण उत्पन्न सोडायचा निर्णय, ज्यांच्या घरातलं ते उत्पन्न आहे तीच माणसं घेताना तिथे दिसणार नाहीत. चंद्रपूरच्या पाचगावानं तेंदूपानं तोडणंच थांबवलं, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि फळ धरत नाही. हा अधिकारही सहज आलेला नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजांत (गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलाच्या उत्पादनांत) आला, तरी धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला आपल्याच बांबूचं वाहतूक परवाना पुस्तक (माल बाहेर न्यायचे परवाने गावानंच देण्यासाठी) मिळायला एप्रिल २०११ उजाडला.

जाण्याआधी ग्रामसभेत बसून परवानगी घ्या, फक्त सरपंचांना फोन करून भागवू नका. मच्छरदाणी न्याच, मलेरिया आहे. थोडी गोंडी शिका. आणि निघताना मोजणीच्या वहीची प्रत गावातच ठेवा. मी ठेवलेल्या वहीत कोंबांचा रकाना आहे, आणि पुढच्या वर्षीचे आकडे गावातल्या दोन मुलींनी भरलेत.